कॅप्टन

हॉय बेटाच्या बोटीवरून इंगा उतरली शुक्रवारी,
कोटाच्या आत अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका धरून.
"शाळेतून आणलीत. हलवू नकोस, झोपलीत."
चार खळग्यांत चार रोपं.
बाईंनी झाकणावर नावं लिहिली होती,
समुद्राच्या तुषारांनी त्यांचा
एकच निळा डाग केला होता.

मला रंग कळतात, बोटींच्या बुडाला देतात ते:
आधी तांबडा, वर काळा,
मग पुन्हा काळा.
हिरव्यातलं मला काही कळत नाही.

रविवारी ती आईकडे परत गेली.
धक्क्यावरून ओरडून सूचना:
पाणी रोज, पण जास्त नाही.
चौथ्याचं नाव कॅप्टन.
त्याला आधी हाक मार, मग घाल.

पुढचे बारा दिवस
खिडकीत ती, आणि स्वयंपाकघरात मी.
मंगळवारी एकानं मान टाकली,
कंबरेशी काळं पडून, दोऱ्याएवढं बारीक.
फोनवर मी बोललो नाही.
खळग्यातली माती बोटानं सारखी केली
आणि विचारलं, आज शाळेत जेवायला काय होतं?

शेजारची थोरा फ्लेट भिंतीवरून बघत होती.
चाळीस वर्षं टपाल वाटलं तिनं स्ट्रॉमनेसमध्ये.
अर्धा पत्ता फाटला तरी घर गाठणारी बाई.
म्हणाली, "पहिल्या दोन पानांवर जाऊ नकोस,
ती सगळ्यांचीच उसनी असतात.
खरी पानं येऊ देत."

आली.
एकाचं गोल, देठ मधोमध, उघड्या छत्रीसारखं.
तिनं कोपरा खुडून माझ्या तोंडात घातला.
मुळ्याचा तिखटपणा. "नॅस्टर्शियम."
दुसऱ्याचं बोटांना चिकटणारं,
वास औषधाच्या जुन्या कपाटाचा. "कॅलेंड्युला."
आणि कॅप्टन?
तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पान उलटं केलं. खाली जांभळट झाक.
"हे पत्र तुझं नाही रे.
ग्राउंडसेल. तण.
मातीबरोबर फुकट आलंय."

मी काहीच म्हणालो नाही.
ती जरा थांबली,
मग चहाचा चमचा मागून घेतला.
"काढताना देठाला धरू नकोस, पानाला धर.
पान फाटलं तर दुसरं येतं.
देठ एकदाच मिळतो."
दह्याच्या डब्यांना मी खिळ्यानं भोकं पाडली.
कॅप्टनला माझा कान तुटलेला मग दिला,
तळाला ड्रिलनं भोक पाडून.

मग रोजचं काम लागलं:
सकाळी बाहेर, संध्याकाळी आत.
एकदम बाहेर ठेवली तर जातील, म्हणाली थोरा.
इथला वारा माणसालासुद्धा तिरकं चालायला लावतो.
टर्पेंटाइनचे हात धुऊन, पुन्हा धुऊन
मी ट्रे उचलायचो,
आणि कुणी बघत नाही ना हे पाहून
हाक मारायचो, "कॅप्टन."

शुक्रवारी इंगानं बूट काढण्याआधी मोजलं.
"चार होती."
मी तोंड उघडलं. मिटलं.
"एक मेलं. मंगळवारी.
पाणी जास्त झालं माझ्याकडून."
रिकाम्या खळग्यात तिनं बोट घातलं,
पेराएवढं खोल.
"आईकडचा मासापण मेला होता.
तिनं सांगितलं नाही, दुसरा आणून ठेवला.
मी पण नाही सांगितलं तिला."
"काय?"
"की मला कळलंय."

जूनमध्ये, जेव्हा रात्र इथे नुसती भेट देऊन जाते,
कॅप्टन सगळ्यांच्या आधी फुलला:
नखाएवढे पिवळे ठिपके,
रंगात टोक बुडवलेल्या ब्रशसारखे मिटलेले.
"हे उघडत का नाही?" इंगानं विचारलं.
"एवढंच उघडतं ते."
"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्याशेजारी बसून
पाव खाल्ला.

आता त्याचं पांढरं म्हातारं उडतंय भिंतीपलीकडे.
थोरा ओरडते, "तुमच्या कॅप्टननं
माझ्या गाजरांत खलाशी उतरवलेत!"
इंगा इथे नाही, ती पुढच्या शुक्रवारी येईल.
मी तिच्या वतीनं माफी मागतो,
गुडघ्यावर बसून एकेक उपटतो,
एक सोडून.

नॅस्टर्शियमला अजून कळी नाही.